‘जे आधी येईल ते’: मिशनच्या अटी आणि न सुटणारी होडी

आजच्या व्याख्यानाचं नाव थोडं जड वाटेल, पण विषय साधा आहे. गेममध्ये मिशन असतं. मिशनमध्ये ‘असं झालं तर तसं कर’ अशी वाक्यं लिहिलेली असतात. ही वाक्यं चुकली तर गेम बंद पडत नाही, पडद्यावर लाल अक्षरांत काही येत नाही. मिशन नुसतं थांबून राहतं. खेळणारा अर्धा तास किनाऱ्यावर इकडून तिकडे फिरतो, मग कंटाळून गेम बंद करतो आणि झोपतो. ही मुकी चूक शोधायची कशी, यावर आज बोलूया.

आज आपण कफ परेडच्या मच्छीमार नगरात बसलो आहोत, म्हणून उदाहरणही इथलंच घेतो. एक खुलासा आधीच करून टाकतो. ‘मिशन’ आणि ‘मच्छीमार नगर’ हे शब्द एका वाक्यात आले की बाहेरच्या माणसाला २६ नोव्हेंबर २००८ची रात्र आठवते. दहशतवादी रबरी होडीतून याच किनाऱ्याला उतरले होते. तसलं मिशन आम्ही घेणार नाही. या वस्तीला त्या एका रात्रीपलीकडे बरंच आयुष्य आहे. आणि लॉजिक शिकायला मासेमारी जास्त कामाची आहे, कारण आज समुद्रावर जायचं की नाही हा निर्णयच मुळात अटींचा गुंता असतो.

तर समजा, आपण एक मिशन लिहितोय. नाव ‘पहिली फेरी’. खेळणारा तांडेल आहे. पावसाळी बंदी उठल्यावर त्याला बॅक बेमधून होडी बाहेर काढायची, मासळी धरायची, आणि कुलाब्याच्या टोकाला वळसा घालून ससून डॉकला माल उतरवायचा. होडी सुटायला चार गोष्टी लागतात. बंदी उठलेली हवी. बंदरावर धोक्याचा बावटा नको. चारही खलाशी होडीवर हवेत. आणि बर्फ भरलेला हवा. लिहायला पाच मिनिटं लागतात.

मग टेस्टर खेळतात. पहिला कळवतो, होडी सुटतच नाही. दुसरा म्हणतो, माझी तर सुटली. तिसरा म्हणतो, आधी सुटली नाही, मग मी किनाऱ्यापासून जरा लांब गेलो आणि परत आलो, तर सुटली.

यातलं तिसरं वाक्य सोन्याच्या मोलाचं आहे. डीबग करणाऱ्या माणसाला ‘चालत नाही’ या तक्रारीतून काहीच कळत नाही; ‘लांब जाऊन परत आल्यावर चालतं’ यातून जवळजवळ सगळं कळतं.

ते कसं, हे समजायला दोन जुन्या गेमचे एडिटर बघू. १९९८च्या स्टारक्राफ्टबरोबर मिशन बनवायचा एडिटर मिळायचा. त्यात ट्रिगरचे मुख्य भाग दोन: अटी आणि कृती. गेम सुमारे दर दोन सेकंदांनी सगळ्या अटी तपासायचा आणि खऱ्या निघाल्या की कृती करायचा. त्याच कंपनीने २००२ साली वॉरक्राफ्ट ३ आणला तेव्हा एडिटरमध्ये तिसरा कप्पा आला: घटना. आता ट्रिगर म्हणजे घटना, अट, कृती. घटना घडली की त्या क्षणी, आणि फक्त त्याच क्षणी, अट तपासायची. खरी असेल तर कृती करायची, नसेल तर गप्प बसायचं. आणि घटनेचा कप्पा रिकामा ठेवलात तर तो ट्रिगर आपण होऊन कधीच चालत नाही, अटी कितीही खऱ्या असोत.

आपल्या मिशनमध्ये हे असं लिहिलंय असं धरा:

घटना: तांडेल किनाऱ्याच्या झोनमध्ये शिरला
अट: बर्फ भरलेला आहे
कृती: होडी सोड

वाचायला काही खटकत नाही. ‘तांडेल किनाऱ्यावर आला आणि बर्फ भरलेला असला की होडी सोड.’ दुसऱ्या टेस्टरने आधी बर्फ भरला, मग किनाऱ्यावर आला. शिरण्याची घटना घडली, त्या क्षणी अट खरी होती, होडी सुटली. पहिला आधी किनाऱ्यावर आला. घटना घडली, अट तपासली, बर्फ नव्हता, ट्रिगर गप्प. मग त्याने तिथेच उभं राहून बर्फ भरला. अट आता खरी झाली, पण ‘शिरला’ ही घटना होऊन गेली. तो आतच आहे, पुन्हा शिरणार कसा? तिसरा बाहेर जाऊन परत शिरला, म्हणून त्याचं काम झालं.

इथे आम्हाला मराठीबद्दल थोडं बोलायचंय, कारण चुकीचं मूळ बऱ्याचदा कोडच्या आधी, वाक्यात असतं. ‘तांडेल आला’ याचे आपल्याकडे दोन अर्थ होतात. एक, आत्ता या क्षणी येऊन पोहोचला. दुसरा, आलेला आहे, इथे आहे. ‘पाहुणे आले का?’ असं आपण विचारतो तेव्हा येण्याचा क्षण विचारत नाही, ते घरात आहेत का हे विचारतो. ‘बावटा लागला’ हेही तसंच. ऐकणारा माणूस संदर्भावरून अर्थ लावतो, ट्रिगर लावत नाही. म्हणून मिशनचा कागद लिहिताना आम्ही सवयीने प्रत्येक क्रियापद दोनदा लिहून बघतो: ‘शिरला’ की ‘आत आहे’? ‘भरला’ की ‘भरलेला आहे’? ‘शिरला’ ही घटना, ‘आत आहे’ ही स्थिती. घटना क्षणाची असते, स्थिती टिकते. आमच्या बघण्यात, मिशन अडकतं त्यातल्या बहुतेक वेळा कोणीतरी घटनेच्या जागी स्थिती किंवा स्थितीच्या जागी घटना लिहिलेली असते.

दुरुस्ती अशी: चारही गोष्टी स्थिती म्हणून अटीत घालायच्या. आणि यातली कुठलीही एक बदलू शकेल अशा प्रत्येक घटनेवर तीच तपासणी लावायची. शिरल्यावर तपास, बर्फ भरून झाल्यावर तपास, खलाशी चढल्यावर तपास, बावटा उतरल्यावर तपास. कुठली गोष्ट शेवटी येईल हे खेळणारा ठरवणार, आपण नाही.

आता बंदीच्या अटीकडे येतो. इथे खरी मजा आहे.

सध्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. बिनयांत्रिक पारंपरिक होड्या तिच्यातून वगळलेल्या आहेत. पण महाराष्ट्रात आधी नियम वेगळा होता: १० जूनपासून, १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत. ‘जे आधी येईल ते’ हे चार शब्द म्हणजे कंडिशनल लॉजिकचा अख्खा धडा आहे, म्हणून आपलं मिशन आपण त्या जुन्या काळात ठेवू. सोय म्हणून, बंदी संपते त्या दिवशी सकाळी होडी मोकळी होते असं धरू.

पहिला प्रयत्न:

जर आज नारळी पौर्णिमा आहे किंवा आज १५ ऑगस्ट आहे, तर होडी मोकळी

गेम ही अट पुन्हा पुन्हा तपासतो आणि होडी मोकळी की बंद हे दर वेळी नव्याने ठरवतो. २०१४ साली नारळी पौर्णिमा १० ऑगस्टला होती. टेस्टर १० तारखेला पहाटे होडी काढतो. छान, सुटते. रात्रभर समुद्रावर राहतो. ११ तारखेला मासळी घेऊन परत येतो, तर गस्तीची बोट त्याला बंदी मोडली म्हणून धरते! का? कारण ११ तारखेला ‘आज पौर्णिमा आहे’ हे खोटं झालं. बंदी परत लागू झाली. १५ तारखेला ती एका दिवसासाठी पुन्हा उठेल आणि १६ला पुन्हा बसेल. अटीत लिहिलेला दिवस घटनेचा होता. आपल्याला हवी होती त्यानंतरची स्थिती. म्हणजे ‘आज पौर्णिमा आहे’ असं नको, ‘पौर्णिमेची तारीख आलेली आहे’ असं हवं. कोडमध्ये ‘बरोबर’ऐवजी ‘तेवढी किंवा त्यापुढची’.

इथे एक बारीक मुद्दा. तिथी मध्यरात्री बारा वाजता सुरू होत नाही, गेमचा दिवस होतो. पौर्णिमा दुपारी लागून दुसऱ्या दिवशी दुपारी संपू शकते. म्हणून चंद्राच्या कलेवरून पौर्णिमा काढायच्या भानगडीत पडू नका. दर वर्षाची तारीख कॅलेंडरमधून घेऊन तक्ता भरा.

आता दुरुस्त अट लिहिली. ती बरोबर आहे हे कसं ठरवायचं? एक वर्ष चालवून बघतो आणि होडी योग्य दिवशी सुटली की खूण करून पुढे जातो, असं पुष्कळ जण करतात. चार माणसांनी हा नियम चार तऱ्हांनी लिहिलाय असं धरा. एकाने फक्त पौर्णिमा बघितली. दुसऱ्याने फक्त १५ ऑगस्ट. तिसऱ्याने दोन्ही घातल्या, पण मध्ये ‘आणि’ टाकलं. चौथ्याने ‘किंवा’ टाकलं. २०१४ चालवा. पहिल्याची होडी १० तारखेला सुटते, बरोबर. दुसऱ्याची १५ला, पाच दिवस उशिरा. तिसऱ्याचीही १५ला. चौथ्याची १०ला, बरोबर. म्हणजे या एका वर्षावर पहिला आणि चौथा सारखेच पास. आता २०१० चालवा. त्या वर्षी नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. पहिल्याची होडी २४ला सुटते, नऊ दिवस उशिरा. दुसऱ्याची १५ला, आणि यंदा तो बरोबर. तिसऱ्याची २४ला. चौथ्याची १५ला. दोन्ही वर्षांत बरोबर येतो तो एकटा चौथा.

‘जे आधी येईल ते’ म्हणजे ‘किंवा’, ‘जे नंतर येईल ते’ म्हणजे ‘आणि’, हे यातून दिसतं. पण आमचा मुद्दा टेस्टची वर्षं निवडण्याचा आहे. ‘किंवा’ असलेली अट तपासायची तर एक केस अशी हवी जिथे फक्त डावी बाजू खरी आहे, आणि दुसरी अशी जिथे फक्त उजवी. एखाद्या वर्षी पौर्णिमा नेमकी १५ ऑगस्टला आली तर चौघांचीही होडी एकाच दिवशी सुटेल. टेस्टला यापेक्षा वाईट वर्ष नाही. पाहिजे ते उत्तर मिळतं, कळत काहीच नाही.

आणि हे नऊ दिवस, पाच दिवस नुसते आकडे समजू नका. दोन महिने होडी वर काढून ठेवलेल्या घरात हंगामाच्या सुरुवातीचे नऊ दिवस म्हणजे काय, हे इथे बसलेल्यांना आम्ही सांगायला नको. मिशन लिहिणाऱ्याला ते माहीत असलं पाहिजे, नाहीतर तो ‘आठवडा इकडे तिकडे, काय फरक पडतो’ म्हणतो आणि टेस्ट सोडून देतो.

सध्याच्या, ६१ दिवसांच्या नियमातही एक खड्डा आहे: ‘३१ जुलैपर्यंत’. हा ‘पर्यंत’ ३१ तारखेला धरून आहे की सोडून? मराठीत दोन्ही चालतं. कोडमध्ये ‘तारीख ३१ जुलैच्या आधीची असेल तर बंदी’ असं लिहिलंत तर होडी ३१ला सकाळी सुटेल. पडताळा सोपा आहे, दिवस मोजा. जूनचे ३०, जुलैचे ३१, मिळून ६१. मिशनमध्ये बंदीचे दिवस ६० भरले तर शेवटचा दिवस गळाला.

बरं, आता बावटा. हवामान बिघडणार असलं की बंदरावर इशारा लावतात. तीन नंबरचा बावटा म्हणजे बंदरात सोसाट्याचे वारे येण्याचा इशारा. गंमत अशी की मिशन लिहिणारे ज्याला ‘फ्लॅग’ म्हणतात तीही हीच वस्तू. कोणीतरी वर चढवतो, कोणीतरी खाली उतरवतो, आणि मधल्या काळात ज्याला गरज आहे तो नुसती मान वर करून बघतो. फ्लॅग म्हणजे काय हे समजावायला आम्हाला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. फ्लॅग ही स्थिती. फ्लॅग चढणं-उतरणं ही घटना.

तर अट अशी झाली:

पौर्णिमा आलेली आहे किंवा १५ ऑगस्ट आलेला आहे आणि बावटा नाही

बोलताना आपण हे असंच बोलतो आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. पण बहुतेक संगणकी भाषांत ‘आणि’ आधी जुळतं, ‘किंवा’ नंतर, जसा गणितात गुणाकार आधी आणि बेरीज नंतर. म्हणजे गेमने वाचलं ते असं: ‘पौर्णिमा आलेली आहे, किंवा मग, १५ ऑगस्ट आलेला आहे आणि बावटा नाही’. २०१४च्या मिशनमध्ये १० ऑगस्टला बावटा वर असतानाही होडी सुटेल! ही चूक मागच्या सगळ्यांपेक्षा वाईट आहे. आधीच्या चुकांत होडी अडकत होती. इथे ती वादळात जाते. आणि टेस्टर तक्रारही करणार नाही, कारण त्याची होडी सुटली ना. २०१० चालवलंत तर १५ ते २३ ऑगस्ट बावटा नीट पाळला जातो आणि २४पासून पाळला जात नाही. हे बघून माणूस हवामानाच्या कोडमध्ये दोन दिवस चूक शोधत बसेल.

उपाय, कंस. (पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट) आणि बावटा नाही. पण कंस घालायची सोय नसलेले एडिटरही आहेत. डीसीएस वर्ल्ड हा विमानांचा सिम्युलेटर घ्या. त्याच्या मिशन एडिटरमध्ये अटी एकाखाली एक रांगेत लावतात. रांगेतल्या अटी ‘आणि’ने जोडलेल्या धरतात, आणि मध्ये ‘किंवा’ची एक ओळ घातली की वरचा गट वेगळा, खालचा वेगळा. तिथे कंसाची अट फोडून लिहावी लागते: वरच्या गटात पौर्णिमा, बावटा नाही, मग ‘किंवा’, खालच्या गटात १५ ऑगस्ट, बावटा नाही. बावट्याची ओळ दोन्हीकडे आली पाहिजे. नवा माणूस ती एकदाच लिहितो, कारण तीच गोष्ट दोनदा लिहिणं त्याला गबाळेपणा वाटतो.

बावट्यावरून आणखी एक. बावटा उतरला की लगेच कोणी होडी काढत नाही, थोडा वेळ बघतात. मिशनमध्ये ‘बावटा उतरल्यावर तीन तासांनी’ असं लिहिलं, आणि दुसऱ्याच तासाला बावटा परत चढला, तर? आर्मा ३ या गेमच्या एडिटरमध्ये ट्रिगरला वेळ लावायचे दोन प्रकार आहेत. एकात अट एकदा खरी झाली की घड्याळ सुरू होतं आणि मग काही झालं तरी वेळ संपल्यावर कृती होते. दुसऱ्यात पूर्ण वेळभर अट खरी राहावी लागते. मध्ये खोटी झाली की मोजणी रद्द, पुन्हा खरी झाल्यावर पहिल्यापासून सुरू. एडिटरमध्ये हे दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि शांत हवेत दोघांचं उत्तर एकच येतं. आपल्याला दुसरा हवाय. तपासायचं तर टेस्टमध्ये मुद्दाम दुसऱ्या तासाला बावटा परत चढवून बघायचा.

आता खलाशी. ‘सगळे खलाशी होडीवर नाहीत’ या वाक्याचा अर्थ काय? चारातला एखादा राहिलाय, की एकही चढलेला नाही? मराठीत दोन्ही होतो. मिशनमध्ये याच्यावर ‘थांब’ हा आदेश लावलात आणि लिहिताना ‘एकही नाही’ असा अर्थ गेला, तर एक जण चढला की होडी सुटणार, तीन किनाऱ्यावर. डीसीएसमध्ये याच कारणासाठी ‘गटातले सगळे झोनबाहेर’ आणि ‘गटातले काही झोनबाहेर’ अशा दोन वेगळ्या अटी दिल्या आहेत. निवडताना घाई करू नये.

याच्याही पुढची खोच अशी. ‘प्रत्येक खलाशी होडीवर आहे का?’ हा प्रश्न, एकही खलाशी अस्तित्वात नसताना विचारला तर उत्तर काय येईल? होय! तर्कशास्त्रात हे असंच आहे. होडीवर नसलेला असा एकही खलाशी दाखवता येत नाही, म्हणून विधान खरं. मिशन सुरू होताना पहिल्या क्षणी पात्रं अजून तयार व्हायची असतात, तेवढ्यात ट्रिगर तपासून मोकळा होतो आणि रिकामी होडी बॅक बे ओलांडून निघते. टेस्टरला वाटतं भूत आहे. अटीत ‘खलाशांची संख्या ४ आहे आणि प्रत्येक जण होडीवर आहे’ असं दोन्ही लिहिलं की भूत जातं.

छोट्या गोष्टी भराभर सांगतो. कृती एकदाच व्हायची की दर वेळी, हे आधी ठरवा. ‘नारळ वाहिलेला आहे’ या स्थितीवर जल्लोषाचा आवाज लावला आणि ट्रिगर सतत चालणारा ठेवला, तर दर तपासणीला एक आवाज, एकावर एक. तिथे खोट्याचं खरं होताना एकदाच चालणारा प्रकार हवा. मग तपासणीचं अंतर. दहा नॉटने जाणारी होडी सेकंदाला साधारण पाच मीटर जाते. तपासणी दर दोन सेकंदांनी होत असेल तर दोन तपासण्यांमध्ये ती दहा मीटर पुढे गेलेली असते. बाहेर पडल्याची नोंद करायला तुम्ही पाच मीटर रुंदीची पट्टी आखली असेल, तर निम्म्या वेळा होडी पट्टीत कधी सापडणारच नाही. आर्मा ३मध्ये तपासणी दर अर्ध्या सेकंदाला होते, तिथे ही होडी सापडेल; पण चाळीस नॉटची गस्तीची बोट अर्ध्या सेकंदात दहा मीटर जाते, ती निसटेल. ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार आली आणि वेगाने जाणारी वस्तू मध्ये असली, की आधी पट्टी रुंद करून बघा.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं. आमची पद्धत रुक्ष आहे. मोठी अट ‘खोटी’ आली एवढं कळून उपयोग नाही. तिचे तुकडे पडद्याच्या कोपऱ्यात एकाखाली एक, सतत दिसत ठेवायचे:

पौर्णिमा आलेली: होय
१५ ऑगस्ट आलेला: नाही
बावटा वर: होय
होडीवर खलाशी: ४ पैकी ४
बर्फ भरलेला: होय

आणि खाली पूर्ण अटीचं उत्तर. मग खेळा. होडी जिथे अडकते तिथे नजर कोपऱ्यात टाकली की कुठली ओळ आडवी आली ते दिसतं. सगळ्या ओळी पाहिजे तशा आहेत आणि उत्तर तरीही चुकीचं, तर चूक जोडण्यात, म्हणजे कंसात किंवा ‘आणि-किंवा’त. उत्तर ‘होय’ आहे आणि तरी होडी सुटत नाही, तर ट्रिगरच चालत नाहीये, घटनेकडे बघा. या तीन फाट्यांवर आमचं बहुतेक काम होतं. नावं मात्र होकारार्थी ठेवा. ‘बावटा नाही: नाही’ अशी ओळ रात्री अकरा वाजता कोणालाच वाचता येत नाही.

पूर्ण मिशन पहिल्यापासून खेळत बसू नका. घड्याळ ९ ऑगस्टच्या रात्रीवर ठेवा, बर्फ आधीच भरा, तीन खलाशी चढवून ठेवा, आणि चौथ्याला हाताने चढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललीत आणि होडी सुटली, तर कशाने सुटली ते सांगता येणार नाही, आणि जे सांगता येत नाही ते पुढच्या आठवड्यात परत मोडतं.

वेळ होत आलीय, दोन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न आलाय: आता बंदी ३१ जुलैला संपते, मग आजच्या काळातल्या मिशनमध्ये पौर्णिमा ठेवायची कशाला? प्रश्न चांगला आहे. कायद्याच्या अटीतून ती काढाच. पण कायद्याने होडी १ ऑगस्टला मोकळी झाली तरी समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय पहिली फेरी करायची नाही, ही रीत घराची आहे. म्हणून फ्लॅग दोन ठेवा: ‘कायद्याने मोकळी’ आणि ‘नारळ वाहिलेला’. पहिला तारखेवरून ठरतो, दुसरा खेळणाऱ्याच्या हातून. बावटा हा तिसरा, तो हवामान खात्याच्या इशाऱ्यावर. तिघांचं मिळून एकच ‘जायला हरकत नाही’ असं फ्लॅग केलंत, तर तीन ठिकाणचं कोड त्याला चढवणार-उतरवणार आणि शेवटी कोणी उतरवला हे शोधण्यात दिवस जाईल. एका फ्लॅगला हात लावणारी जागा एकच असू द्या. नारळ न वाहता निघणाऱ्या तांडेलाला गेमने अडवायचं की घरच्यांनी दोन शब्द सुनावून जाऊ द्यायचं, हे मात्र लॉजिकचं काम नाही, तुमच्या गोष्टीचं आहे. आम्ही अडवणार नाही; म्हातारीला बोलू देऊ.

दुसरा प्रश्न: सेव्ह करून दुसऱ्या दिवशी गेम उघडला की मिशन अडकतं, एरवी चालतं. हे पुन्हा घटना आणि स्थितीचंच. ‘नारळ वाहिला’ ही घटना काल घडली. सेव्ह फाइलमध्ये घटना जात नाहीत, स्थिती जाते. फ्लॅग सेव्हमध्ये लिहिलेला नसेल तर गेम उघडल्यावर तो खाली असतो, आणि नारळ तर वाहून झालाय, परत वाहायला हातात दुसरा नाही. आधी त्या कोपऱ्यातल्या ओळींचा फोटो सेव्ह करायच्या क्षणी काढा, दुसरा फोटो उघडल्यावर काढा, आणि दोन्ही शेजारी धरा. जी ओळ बदललेली दिसेल ती सेव्हमध्ये घालायची राहिलीय. तारखेच्या ओळी बदलणार नाहीत, कारण त्या दर वेळी कॅलेंडरवरून नव्याने निघतात. एकही ओळ बदललेली नसेल, तर उघडल्यावर तपासणी पुन्हा सुरू करणारी घटना नाहीये. ‘गेम उघडला’ हीसुद्धा एक घटना धरून तिच्यावर तीच तपासणी लावा.